अण्णाचा वरचा मजला

अण्णा गेल्याचा फोन आला तेव्हा मी त्याच्याच मजल्यावर कपडे वाळत घालत होते. त्याचा मजला म्हणजे आमची गच्ची. खांबांतून वर आलेल्या लोखंडी सळया, त्यांना बांधलेली माझी दोरी आणि वर मोकळं आकाश. वहिनी म्हणाली, "वन्सं, हे गेले हो... चहा मागितला आणि गेले." मी ओली चादर हातात धरून तशीच उभी. आणि मनात पहिलं काय यावं? आता वरचा मजला कोण बांधणार!

अण्णा माझा थोरला भाऊ. बोम्मसंद्र्याच्या एका कारखान्यात इंजिनियर, आणि अख्ख्या बेंगळुरात 'नाही' म्हणता न येणारा एकमेव गृहस्थ. शेजाऱ्याला शिडी हवी, "सरी," म्हणजे कानडीत 'बरं'. लग्नात मंगलाष्टकं म्हणायला कोणी नाही, "सरी." (आवाज असा, की नवरी पाठवणीच्या आधीच रडली.) तेव्हा वडिलांच्या राजाजीनगरच्या साइटवर, म्हणजे मोकळ्या प्लॉटवर, घर बांधून आम्ही खाली आणि तू वर, असं मी जाहीर केलं, तेव्हाही तो "सरी"च म्हणाला. नवऱ्याला जयनगरात चांगला फ्लॅट मिळत होता. तो मी सोडायला लावला. डोक्यावर भाऊ राहणार, मग जयनगर कशाला? जिना रुंद ठेवला, आईचं कपाट वर न्यायचं म्हणून. स्वयंपाकघराच्या खिडकीबाहेर कडी ठोकून घेतली, वरून टोपली सोडली की गरम पोळ्या वर जाव्यात म्हणून!

पायाचं काम अण्णाने स्वतःच्या हातात घेतलं. गुद्दली पूजेला कुदळीला हळदकुंकू लावून पहिला घाव त्यानेच घातला. मग असे खड्डे खणून घेतले, की मी विचारलं, "हत्ती पुरायचाय का?"

"दोन मजले पेलायचेत. वर मी, माझी पुस्तकं, तुझी वहिनी..."

"वहिनीचं वजन काढू नकोस!"

काँक्रीटच्या दिवशी सकाळी मिक्सर घरघरायला लागला आणि अण्णाला अचानक खाराबात, म्हणजे इथला तिखट उपमा, आठवला. तोही जयनगरच्याच हॉटेलातला. "कामगारांना आज तोच द्यायचा. आणि तूच आण, तू निवडून आणतेस." मी फुशारले. रिक्षाने सगळं शहर ओलांडून, मांडीवर गरम डबे घेऊन परतले, तोवर काँक्रीट ओतून झालेलं, वर भिजकी पोती. मग खड्ड्यांत पाणी, मग माती. अण्णा बोटं चाटत म्हणाला, "झालं तुझं घर."

"आपलं," मी म्हणाले.

"सरी," तो म्हणाला.

खालचा मजला झाला, आम्ही राहायला आलो. वरचा मात्र दिवाळीनंतर, मग मुलाची बारावी झाली की, मग रिटायर झालो की... मधल्या काळात त्याने कारखान्याजवळ 'तात्पुरता' फ्लॅट घेतला. पण रविवार चुकवला नाही. जिन्यावर चहा घेऊन बसायचा, मी आठवडाभराच्या गोष्टी नकला करून सांगायची आणि तो डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसायचा. निघण्याआधी वर जायचा. सळया गंजू नयेत म्हणून प्रत्येकीवर त्याने पाण्याची रिकामी बाटली उलटी घातली होती. उन्हाने तडकलेली काढायची, पिशवीतली नवी घालायची. मी खालून बघायची आणि मला वाटायचं, जीव वरतीच अडकलाय याचा.

तेरावं झालं आणि मी ठरवलं, आता मजला बांधायचाच आणि वहिनीला इथे आणायचं. बांधकामाची माहिती असलेली एक तरुण इंजिनियर मुलगी बोलावली, ती पाया बघायला हवा म्हणाली. तुळशीजवळच्या खांबाशी खणलं. ती टेप घेऊन आत उतरली, मी आणि वहिनी काठाशी खुर्च्या टाकून बसलो.

"आंटी, हा पाया एकाच मजल्याचा आहे."

"काहीतरीच! हत्तीएवढे खड्डे होते!"

"खड्डा असेल मोठा. आत ओतलंय ते लहान आहे."

मी वहिनीकडे पाहिलं. वहिनी पदराचं टोक बोटाला गुंडाळत होती. "वन्सं... त्यांनी मुद्दाम तसं केलं. तुम्हाला नाही म्हणवेना."

"पण का?"

"म्हणायचे, वर राहिलो तर ती दिवसातून दहादा जिना चढेल. तुम्ही बोलता छान हो, पण..."

"पण काय?"

"थांबत नाही."

मी! थांबत नाही! यावर मी वहिनीला तासभर ऐकवलं. ती बिचारी नवऱ्यासारखीच मान हलवत होती.

वर यायचं नव्हतं, ठीक. पण बायकोला सांगितलं आणि मला खाराबात आणायला पाठवलं! त्या पोत्यांखाली काय लपलंय हे ठाऊक असून माझ्या हातचा घास खाल्ला. आणि त्या बाटल्या... कधीच न होणाऱ्या मजल्याची अशी निगा राखणारा लबाड मी दुसरा पाहिलेला नाही. आणि भांडायचं कुणाशी? जिना रिकामा.

खड्डा बुजवून निघताना मुलीने विचारलं, "वरच्या सळया कापून टाकायला माणूस पाठवू? उगाच गंजतील."

"सरी," मी म्हणाले.

माणूस दोनदा येऊन गेला. दोन्ही वेळा मी त्याला चहा पाजून, गोष्टी सांगून परत पाठवला. काल वाऱ्याने एक बाटली उडाली. मी वर जाऊन नवी घातली.