वळणावरची ओल

सगळं गाव चपला-बूट घालून फिरायचं, हा एकटा बिनचपलेचा, म्हणून त्याचं नाव पडलं अनवाणी. खरं नाव सांगायचं तर त्याच्या बायकोलाही क्षणभर आठवावं लागे. काम एकच, नदीकाठचा मातीचा बांध राखायचा. सकाळी चहा घेऊन निघायचं, माथ्यावरून पार टोकाला जायचं, आणि परतताना गावाच्या बाजूच्या उतारावरून यायचं. खांद्यावर फावडं असे, पण खरं काम तळव्यांचं. उंदराने कुठे बीळ केलंय, आतून कुठे पाणी झिरपतंय, हे डोळ्यांच्या आधी त्याच्या पायांना कळायचं. वरून वाळलेली माती पायाला गार लागली, की स्वारी थांबलीच.

एकदा तपासणीला आलेल्या इंजिनिअरसाहेबांनी विचारलं, "इथे ओल आहे, हे कशावरून?"

"बूट काढा, सांगतो," अनवाणी म्हणाला.

साहेबांनी बूट काही काढले नाहीत. खणून पाहिलं तर ओल निघाली.

त्याला एक धाकटा भाऊ. आईबाप लवकर गेले, तेव्हा धाकटा इतका लहान होता की घरी एकटा ठेवायची सोय नव्हती. मग अनवाणी त्याला खांद्यावर बसवून बांधावर न्यायचा. धाकटा बांधावरच बोलायला शिकला म्हणा ना. मोठा झाल्यावर त्याने नदीच्या वळणापाशी, बांधाच्या अगदी पायथ्याला, रोपांची वाडी टाकली. कलमांना त्याचा हात चांगला. पण पाण्याची ओढाताण व्हायची. गेल्या साली बांध दोन हात उंच करायचं ठरलं, तेव्हा धाकटा म्हणाला, "दादा, माती पडतेच आहे, तर बांधाखालून एक पाइप टाकून घेऊ का? नदी पलीकडेच तर आहे."

"बांधाच्या पोटात पाइप नको. वरून ने."

"वरून न्यायला मोठा पंप लागतो."

"मग मोठा आण. पाइपाच्या अंगाला धरून पाणी वाट काढतं, आणि एकदा वाट मिळाली की ते कुणाला विचारत नाही."

"बरं दादा," धाकटा म्हणाला आणि हसला. विषय तिथेच संपला, असं अनवाणीला वाटलं.

काम सुरू झालं आणि त्याच आठवड्यात धाकट्याला लांबच्या गावी दिलेल्या बहिणीची फार आठवण आली. तिच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं होतं. "तू जाऊन ये, दादा. तुला बघून तिला बरं वाटेल. इथे मी आहे ना." अनवाणी जन्मात पहिल्यांदा आठ दिवस बांध सोडून गेला. परत आला तर बांध उंच झालेला, माथ्यावर खडी अंथरलेली, आणि दारात धाकटा नवेकोरे, गुडघ्यापर्यंतचे रबरी बूट घेऊन उभा.

"खडीने तळवे सोलून निघतील तुझे. घाल बघू."

बूट असे बसले, जसे पायाबरोबरच जन्माला आले. अनवाणीचे डोळे भरून आले. बायको म्हणाली, "बघा, माझं कुणी ऐकत नाही. भावाने सांगितलं की लगेच पाय आत."

सहा महिने तो बूट घालून चालला. रोज संध्याकाळी बांधाच्या वहीत एकच ओळ लिहायची, बांध ठीक आहे. तीही तो मनापासून लिहायचा.

मग एका सकाळी बायकोने बूट धुऊन उन्हात उलटे ठेवले. पावसाला दहा-बारा दिवस होते, ऊन असं की माती तव्यासारखी. अनवाणी तसाच निघाला. परतताना वळणावरच्या उतारावर आला आणि पायाला माती गार लागली.

आधी त्याला वाटलं, उंदीर असेल. त्याने फावडं मारलं. हातभर खाली काळा पाइप लागला. त्याच्याभोवती माती ठोकलेलीच नव्हती, वाळू नुसती भुसभुशीत. बोट घातलं तर मनगटापर्यंत हात आत गेला. पाइप कुठे जातो, हे बघायला त्याला उठावंही लागलं नाही. समोरच धाकट्याचा हौद तुडुंब भरलेला होता.

पाइपाचं दुःख त्याने गिळून टाकलं असतं. पण तिथे बसल्या बसल्या त्याला बहीण आठवली, आणि मग बूट आठवले. तो उठून थेट वाडीत गेला.

धाकटा रोपांच्या पिशव्या भरत होता. मोठ्या भावाचे चिखलाचे हात बघून त्याला सगळं समजलं.

"पाइपच आहे, दादा. तोफ नाही."

"बूट कशाला दिलेस?"

"पाय दुखतात म्हणून."

"माझे पाय कधी दुखले?"

धाकटा पिशवीत माती दाबत राहिला. तेवढ्यात धाकट्याची बायको बाहेर आली. तिला यातलं काही ठाऊक नव्हतं. "भाऊजी, आज बूट नाही घातले? माप चुकलं का? तुमच्या दारातल्या चिखलात तुमचं पाऊल उमटलं होतं, त्यावरून सुतळीने घेतलं होतं मी."

"माप अगदी बरोबर होतं, बाई," अनवाणी म्हणाला.

ती आत गेल्यावर धाकटा हळूच म्हणाला, "दादा, उंदराचं बीळ होतं म्हण. पाइप मी काढतो. गावात मला तोंड दाखवायला जागा राहणार नाही."

वळणावरचा बांध कापून पुन्हा भरायचा म्हणजे पन्नास माणसं हवीत, आणि उंदराच्या बिळासाठी पन्नास माणसं कोण देतो. काम पावसाआधी झालं नाही, तर नदी वळणातून थेट घराघरांत शिरणार. अनवाणी तिथून निघाला. संध्याकाळी चौकात गाव जमलं, तेव्हा तो म्हणाला, "वळणावर बांधात पाइप आहे. तो माझ्या भावाचा. आणि सहा महिने मी त्याच्यावरून बूट घालून चाललो, वहीत ठीक आहे लिहिलं. ते माझं."

 मग लोहार म्हणाला, "फावडी किती लागतील, ते सांग."

सकाळपासून काम सुरू झालं. पाइप निघाला. चिकण मातीचा वीतभर थर टाकायचा, पाणी शिंपडायचं, धुमसाने ठोकायचं, मग अनवाणी त्यावरून चालायचा आणि तो 'हं' म्हणाला की पुढचा थर. तिसऱ्या दिवशी रांगेच्या शेवटी धाकटा टोपली घेऊन उभा राहिला. अनवाणीने त्याला हाकललं नाही, बोलावलंही नाही. त्याने ओतलेली माती इतरांसारखीच ठोकली गेली. पण तिच्यावरून अनवाणी दोनदा चालला. धाकट्याने ते पाहिलं आणि मान खाली घातली.

पाऊस आला, नदी चढली. चौथ्या दिवशी पाणी जुन्या बांधाची उंची ओलांडून नव्या मातीला लागलं. सगळं गाव बांधावर होतं. वळणावर, उताराच्या पायथ्याशी, धाकटा सकाळपासून एकटा राखण करत उभा होता. तिथून त्याने हाक दिली, "दादा, वळण कोरडं आहे."

पूर्वी एवढं पुरलं असतं. अनवाणी म्हणाला, "बरं." मग काठी टेकत, घसरत, तो उतार उतरून खाली आला, भावाच्या बाजूने पुढे गेला आणि मातीवर स्वतःचा पाय ठेवला.

वळण कोरडंच होतं.