जाऊबाईंना न सोसलेलं दूध

माझ्या थोरल्या जाऊबाई औषधांच्या कारखान्यात पॅकिंगला आहेत. आम्ही मूळचे सोलापूरकडचे. दोघं भाऊ कामासाठी बोईसरला आले आणि जवळच्या सालवड गावात शेजारशेजारच्या खोल्यांत आमचे संसार लागले. सासूबाई दोन्हीकडे असायच्या. जाऊबाईंच्या लग्नाला बरीच वर्षं झाली होती, मूल नव्हतं. घरात कोणी त्याबद्दल बोलत नसे. सासूबाईंनी मात्र न बोलता एक सुरू केलं होतं. रोज सकाळी म्हशीचं दूध आटवायचं, त्यात खारकेची पूड घालायची आणि मोठा पेला जाऊबाईंच्या हातात द्यायचा. "अंगात ताकद पाहिजे," एवढंच म्हणायच्या.

जाऊबाई पेला रिकामा करून कंपनीची बस पकडायच्या. दुपारपर्यंत पोट टम्म फुगायचं. संध्याकाळी घरी आल्या की भिंतीला टेकून बसायच्या आणि पोटातली गुडगुड मला पलीकडे भाजी चिरताना ऐकू यायची. आम्ही आधी डब्यातल्या हरभऱ्याच्या उसळीला दोष दिला. उसळ बंद केली, मग वांगं, मग बटाटा. फरक पडेना.

एके दिवशी सुके बोंबील घेऊन दारावर येणाऱ्या मावशींनी जाऊबाईंकडे पाहिलं आणि टोपली उतरवता उतरवताच सासूबाईंना म्हणाल्या, "सून पोटुशी हाय, आनि आमाला सांगितलं नाय तुमी!"

सासूबाईंचा चेहरा असा उजळला की मला बघवेना. त्यांनी जाऊबाईंना काही विचारलं नाही. दुसऱ्या दिवशी दुधात खारकेची पूड एक चमचा जास्त पडली.

जाऊबाईंनी त्याच आठवड्यात रजा टाकली आणि मला घेऊन डॉक्टरीणबाईंकडे गेल्या. सोनोग्राफी झाली. पोटात काही वावगं नव्हतं आणि बाळही नव्हतं. डॉक्टरीणबाईंनी खाण्यापिण्याची सगळी चौकशी केली आणि दुधाशी येऊन थांबल्या. मोठेपणी कित्येकांना दुधातली साखर पचत नाही, ती आतड्यात आंबते आणि वायू धरतो, असं त्यांनी समजावलं. "काही दिवस दूध पूर्ण बंद करा. चहासुद्धा कोरा. पोट हलकं झालं तर तेच कारण. दही-ताक बहुतेकांना चालतं, ते मागाहून थोडं थोडं घेऊन बघा."

रिक्षात मी म्हणाले, "सासूबाईंना कशाला सांगायचं? पेला मी गुपचूप पिऊन टाकत जाईन."

"नको गं," त्या म्हणाल्या. "पहाटे उठून आटवतात त्या. त्यांना फसवायचं नाही."

घरी आल्यावर चप्पल काढून त्या सरळ सासूबाईंच्या शेजारी जाऊन बसल्या. सासूबाई तांदूळ निवडत होत्या.

"आई, माझ्या पोटात बाळ नाही. मला दूध पचत नाही, त्यानं पोट फुगतंय."

सासूबाईंचा हात सुपातच राहिला. त्या म्हणाल्या, "म्हणजे मीच तुला त्रास दिला?"

"तुम्ही कशाला द्याल? मलाच कुठं ठाऊक होतं? मूल झालं तर आनंदच आहे. नाही झालं तरी आपण सगळे आहोतच की."

हे सांगताना त्यांचा आवाज जरासुद्धा चढला नाही की कापला नाही. मी दारात उभी होते. त्यांच्या जागी मी असते तर रडले असते, नाहीतर भांडले असते. सासूबाईंनी पदरानं डोळे पुसले आणि सूप पुढे ओढलं.

दूध बंद झालं आणि आठवडाभरात जाऊबाईंचं पोट उतरलं. उसळ परत आली, वांगं आलं, कशानंच काही झालं नाही. मग सासूबाईंनी दही विरजायला घेतलं. आधी वाटीभर ताक, जिऱ्याची पूड घालून. तेही सोसलं.

बोंबीलवाल्या मावशी पुन्हा आल्या तेव्हा जाऊबाईच पुढे झाल्या. "मावशी, बाळ नव्हतं हो, गॅस होता!"

मावशी पोट धरून हसल्या. "आगं, माज्या लेकीला चवळी खाल्ली की असंच होतं. लाजून कोनाला सांगत नाय ती." मग शेजारणीही बाहेर आल्या. कोणाला कोबी बाधतो, कोणाला बाटलीतलं थंड, कोणी जेवणाच्या सुट्टीत घाईघाईनं गिळते. एरवी या विषयावर तोंड न उघडणाऱ्या बायका जाऊबाईंमुळे दारात उभ्या राहून मोकळेपणानं बोलत होत्या.

गेल्या उन्हाळ्यात गावाकडच्या लग्नात एका नात्यातल्या बाईंनी जाऊबाईंच्या ताटात आग्रहानं बासुंदी वाढायला घेतली. "घे गं, अशानंच कूस उजवते," म्हणाल्या. पंगत ऐकत होती. सासूबाईंनी त्यांचा हात अडवला.

"तिला दूध सोसत नाही. आणि ती आहे तशी मला पुरेशी आहे," त्या म्हणाल्या. "तिला मठ्ठा आणा."