कॉम्प्युटरचा स्वेटर

इंदूरच्या आमच्या ऑफिसातला कॉम्प्युटर तापून बंद पडायचा. महूच्या एका मेकॅनिकने त्याला तापमानावर आपोआप चालणारा पंखा बसवला. गरम चहाचा ग्लास सेन्सरला टेकवला की पंखा सुरू, काढला की बंद. दर वेळी तो खुशीत टाळी वाजवायचा.

दुसऱ्या दिवशी पंखा थांबेचना. साहेब त्याला म्हणाले, "आज जमलं नाही तर उद्यापासून येऊ नका."

त्याने कॉम्प्युटरमागे हात घातला. धूळ नको म्हणून मी घातलेलं, बायकोने विणलेलं कव्हर हवेच्या जाळीवर होतं. ते त्याने गुपचूप माझ्या खणात सरकवलं. थोड्या वेळाने पंखा थांबला.

"कुछ नहीं साहेब, माझंच कनेक्शन चुकलं होतं." मग माझ्या कानात, इंदुरी ढंगात, "भिया, उन्हाळ्यात स्वेटर नका ना घालू याला!"

पंखा थांबला म्हणून सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या; सगळ्यांत मोठी टाळी मी वाजवली. कबुली आज देतोय, साहेब: त्याचं काहीच चुकलं नव्हतं.