आपटेबाई

माझ्या धाकट्या जावेला कामावर सगळे ‘आपटेबाई’ म्हणतात. आमचं आडनाव आपटे नाही. परग्रहावर उतरणारी यानं आधी इथल्या जमिनीवर आपटून बघायची, हे तिचं काम. उंच शेडमध्ये वाळू पसरलेली, वर क्रेनला यानाचा सांगाडा टांगलेला. ही बटण दाबते आणि तो चार पायांवर धाडकन खाली येतो. पायांनी धक्का पचवला, तर पास.

एका यानाच्या सगळ्या चाचण्या पार पडल्या होत्या, पण हिच्या मनातली शंका जाईना. तिकडे काय कोणी सतरंजी अंथरून ठेवलीय? एकच पाय आधी दगडावर टेकला तर? हिशोबाने तेही निभावत होतं, आणि उड्डाण तोंडावर आलेलं. तरी तिने धीर करून विभागप्रमुखांना विचारलं.

साहेबांनी चष्मा काढून पुसला. “मन मानत नाही ना? मग आपट एकदा. तिकडे बिघडलं तर पाना घेऊन कोण जाणारे?”

दगड ठेवून सांगाडा सोडला. दगडाला लागलेला पाय दबलाच नाही, सांध्यात अडकला. सगळा सांगाडा कलंडला आणि वाळूत आडवा झाला. हिचं तोंड एवढंसं झालं.

साहेब मोडक्या पायाशी उकिडवे बसले. “बरं झालं, घरातच पडलं,” म्हणाले.

उड्डाण लांबलं. वरच्या बैठकीत खापर कोणावर फोडायचं यावर खल सुरू झाला, तेव्हा साहेब म्हणाले, “चाचणी मी करायला लावली.” हिचं नाव त्यांनी येऊच दिलं नाही.

मग सांधा नव्याने बनवण्यात कित्येक महिने गेले. हिची लेक माझ्याकडेच जेवायची, अभ्यास करायची आणि मनसोक्त भांडायची.

“ताई, तुमच्यावर किती भार टाकतेय मी,” जाऊ एकदा रडवेली होऊन म्हणाली.

“तू यानाचे पाय बघ,” मी म्हटलं. “लेकीचे पाय घरात ठरत नाहीत, ते माझ्यावर सोड.”

यान उतरलं तोवर साहेब निवृत्त झाले होते. यान सपाट जागेवर अलगद टेकलं. दगड आडवा आलाच नाही. जुना सांधा असता तर काय झालं असतं, हे आता कोणालाच कळायचं नाही.

दुसऱ्या दिवशी जाऊ मला घेऊन साहेबांच्या घरी गेली. ते फाटकाला रंग देत होते.

“साहेब, तेव्हा तुम्ही नाही म्हणाला असतात, तर मी गप्प बसले असते,” ती म्हणाली. “आणि मग गप्प बसायची सवयच लागली असती.”

साहेबांनी ब्रश डब्यात बुडवला, निथळवला.

“आत अजून एक ब्रश आहे,” ते म्हणाले. “घेऊन ये. हात चालवत सांग सगळं, अगदी पहिल्यापासून.”

तिने बाह्या सरसावल्या. मी पायरीवर बसले आणि दोघांचं ऐकत राहिले.