काय चालतं तुला?

आक्का,
निपाणीच्या स्टँडवर तू आणि आई मला बेळगावच्या गाडीत बसवायला आला होतात. आई खिडकीतनं एकच सांगत होती, “दिवस मावळल्यावर तोंडात काय घालू नकोस गं.” तुला हसू येत होतं, मला रडू.

बेळगावात प्रॅक्टिकल सुटेपर्यंत दिवे लागायचे आणि हॉस्टेलची मेस त्यानंतर उघडायची. आईचा शब्द मोडवेना, म्हणून मी रोज उपाशीच झोपायची. पार खंगले. शेवटी आप्पांना फोन केला, “मला न्ह्यायला या. लई झालं शिकणं.” ते म्हणाले, “व्हय गं पोरी, ऐतवारी येतो.”

केमिस्ट्रीच्या मॅडम कानडी, भलत्या कडक. मी टेबलाला टेकून प्रयोग करतेय हे त्यांनी पाहिलं आणि दुसऱ्या दिवशी काही न विचारता घरचा डबा आणला. लॅबबाहेरच्या बाकड्यावर बसून झाकण उघडते तर काय, बटाट्याची भाजी! जमिनीखालचं आपल्याला जैनांना चालत नाही, हे त्यांना कुठलं माहीत? मी झाकण परत लावलं. दुसरं कुणी चिडलं असतं. त्या मोडक्या मराठीत म्हणाल्या, “माझंच चुकलं. काय चालतं तुला, ते तू सांग.” त्या कॉलेजात मला कुणी पहिल्यांदाच काही विचारलं होतं. रडत रडत मी भाज्यांची नावं सांगितली, दिवस मावळायच्या आत जेवायचं तेही. मग रोज प्रॅक्टिकलच्या मध्येच मला सुट्टी आणि दोडक्याची भाजी मिळायला लागली. ऐतवारी आप्पा आले, “बरी दिसतीस की गं” म्हणाले आणि एकटेच परत गेले.

आता पुण्यात मीच शिकवते. परवा कोकणातली एक मुलगी म्हणाली, कॉलेज सोडते, इथलं जेवण घशाखाली उतरत नाही. मी ऐटीत म्हटलं, “काय चालतं तुला, सांग. मी आणते.”

“सुकट, मॅडम.”

घ्या! वाळवलेली मासळी! आपल्या घरात ज्याचं नावसुद्धा काढत नाहीत, तेच. पण विचारलं होतं मीच. तिला मालवणी खानावळीत नेलं. तिनं सुकट-भाकरी खाल्ली, समोर बसून मी माझा डबा खाल्ला, दिवस मावळायच्या आत. वासानं जीव नकोसा झाला, तरी उठले नाही. पोरगी राहिली बघ.

तू फोनवर विचारतेस, घरी कधी येणार? येईन गं. पण माझं एक घर त्या लॅबबाहेरच्या बाकड्यावरही आहे. मला काय चालतं, हे सांगायची तिथं चोरी नव्हती. आईला मात्र सुकटाचं बोलू नकोस.