फाटकावरचा भोंगा

"ह्ये कंच्या कलमात बसतंय?" समोरच्याच्या कोटाचं बटण धरून असं विचारायची वकीलसाहेबांची सवयच होती. चहात पाणी जास्त झालं तरी हॉटेलवाल्याला हाच प्रश्न. असा एखादा छळवादी माणूस तुमच्याही ओळखीत असेल. आमच्या तालुक्याच्या कोर्टात ते सगळ्यांत वडीलधारे, मी नुकताच सनद घेऊन आलेलो.

कुठून कुठून मासिकं मागवून ते युद्धाचे कायदे वाचत. "विषारी वायूला बंदी हाय, बेटा. पर आता आवाजाची, मायक्रोवेव्हची हत्यारं निघायलेत. त्येंच्या नावानं एक ओळ न्हाय." विहिरी कोरड्या पडलेल्या आणि यांना ही चिंता! आम्ही हसायचो.

त्याच उन्हाळ्यात सहकारी साखर कारखान्याच्या तळ्यातलं पाणी मागायला बाया घागरी घेऊन आल्या आणि फाटकासमोर बसल्या. पाळी बदलताना वाजणारा, फाटकावर उंच लावलेला विजेचा भोंगा कुणीतरी काढून खाली, त्यांच्या तोंडासमोर आणून बसवला आणि वाजवत ठेवला. बाया कान दाबून पळाल्या. शेजारच्या वाशी गावाकडची एक तरणी बाई तेवढी घागरीपाशी पडून राहिली. तिला पुन्हा ऐकू आलं नाही. तान्हं मूल रडलं की शेजारीण येऊन तिच्या खांद्याला हात लावायची.

पोलीस चौकीत हवालदार म्हणाला, "रक्त नाही, वळ नाही. लिहू काय?"

वकीलसाहेबांनी फिर्याद लावली. कारखान्याचा वकील म्हणाला, नुसत्या आवाजानं कुणी बहिरं होत नाही. तेव्हा साहेबांनी डॉक्टरकडून स्वतःचे कान तपासून ते ठीक असल्याचा दाखला घेतला आणि पाळी बदलायच्या वेळी त्याच भोंग्यासमोर जाऊन उभे राहिले. मी कोट धरून ओढत होतो.

"सोड बेटा, पुरावा लागतोय."

कोर्टात डॉक्टरचे आधीचे-नंतरचे दाखले पुढे ठेवून त्यांनी एवढंच विचारलं, "लढाईत दुश्मनालासुद्धा विनाकारण तळमळवता येत नाही. मग तहानलेल्या बाईला कसं येतं?"

न्यायाधीश म्हणाले, युद्धाचे कायदे इथे लागू नाहीत. फिर्याद फेटाळली. साहेबांनी माझं बटण धरलं आणि विचारलं, "काय म्हनले?"

त्यांना ऐकूच गेलं नव्हतं. मला इतकं रडू पुन्हा कधी आलं नाही.

पुढच्या उन्हाळ्यात दुसऱ्या कारखान्याची माणसं जीपमधून तो भोंगा बघायला आली. त्यांच्यासाठी तो वाजवला, तेव्हा आम्ही कोर्टाच्या व्हरांड्यात चहा पीत होतो. बशा थरथरल्या. साहेबांनी कपातल्या चहाकडे पाहिलं.

"वाजला का?"

मी होकारार्थी मान डोलावली. साहेब जाऊन आता बरीच वर्षं झाली. येता-जाता मी कारखान्यांची फाटकं बघतो. भोंगा खालीच बसवलेला असतो, माणसाच्या तोंडाएवढ्या उंचीवर.