पोरगा अजून तयार नाई

राजुऱ्याकडच्या एका कोळसा खाणीत मला नोकरी लागली ती कबड्डीमुळे. नव्वदच्या दशकातली शेवटची वर्षं होती. कागदावर मी हेल्पर. प्रत्यक्षात सकाळ-संध्याकाळ मैदानावर घाम गाळायचा आणि मधल्या वेळात हजेरी लावायची. आमचं घर सिंदेवाहीजवळच्या गावात, तळ्यातल्या मासोळीवर आणि थोड्या धानावर चालणारं. जाळं ओढून ओढून माझी मनगटं जाड झालेली. तू खेळायला तयार आहेस का, असं गावात मला कोणी विचारलं नव्हतं. सातवा माणूस सापडत नसे, म्हणून मी खेळायचो.

खाणीच्या संघात मात्र हा प्रश्न फार गंभीर होता. माझी जागा कव्हरची. चढाईवाला आत आला की शेजाऱ्याचा हात धरून साखळी करायची आणि तो परत वळला की त्याच्या आडवं यायचं. या जागेवरच्या माणसासाठी कोणी टाळ्या वाजवत नाही. चढाईवाला निसटला तरच लोकांना त्याची आठवण येते, तीही शिवीसकट. पण त्या जागेवर कोण असावा याबद्दल खाणीच्या अख्ख्या वसाहतीला मत होतं.

कोच म्हणायचे, "मडकं चांगलं हाय, पण भाजलं नाई अजून." संघाचे सचिव जन्मभर फक्त कॅरम खेळलेले. ते मला आपादमस्तक न्याहाळून म्हणायचे, "याच्यात सगळं आहे, पण ते नाही." ते म्हणजे काय, हे विचारायची हिंमत कोणाची नव्हती. पानठेलेवाल्याने मला खेळताना कधीच पाहिलं नव्हतं, त्यामुळे त्याचं मत सर्वांत ठाम होतं. "पोट्टा घाबरते," तो चुना लावता लावता सांगायचा.

माझी तयारी व्हावी म्हणून मला मैदानावर पाणी मारायला लावलं. मग चुन्याच्या रेषा आखायला. रेषा मी इतक्या सरळ आखत असे, की त्या कामासाठी मी पूर्ण तयार आहे यावर सगळ्यांचं एकमत झालं.

माझ्या जागेवर जे खेळायचे त्यांना सगळे भाऊ म्हणत. कधीकाळी त्यांच्या धडकेने भलेभले मैदानाबाहेर जाऊन पडलेले. आता त्यांचा उजवा गुडघा वाकत नसे. सामन्याआधी ते मलम चोळून त्यावर घट्ट पट्टी बांधायचे. मलमाचा वास प्रेक्षकांपर्यंत जायचा. चढाईवाला वळायचा, मध्यरेषा ओलांडायचा, हात वर करून टाळ्या घ्यायचा, आणि मग भाऊ त्याच्या आडवे यायचे. पण ते तयार आहेत का, हा प्रश्न कोणाला सुचला नाही. ते अनुभवी होते.

एका संध्याकाळी सराव संपल्यावर भाऊंनी मला हाक मारली.

"तू कुठी पाहतं बे, चढाईवाला आला का?"

"पायाकडे."

"म्हणून फसतं. पाय खोटं बोलते. कंबर पाहाय. कंबर जिकडे वळन, तिकडेच तो जाईन."

मग त्यांनी मला चढाई करायला लावली आणि त्या लाकडासारख्या पायावर उभं राहून मला धरूनही दाखवलं. मी सुटायचा खराखुरा प्रयत्न केला होता. त्या दिवसापासून ते रोज मला थांबवून घ्यायचे. कोचला वाटलं, भाऊ माझ्याकडून पाय चेपून घेतात. त्यांनी माझ्या सेवाभावाचं कौतुक केलं.

धान कापणी झाल्यावर चामोर्शीला स्पर्धा होती. भर दुपारी आमचा सामना लागला. समोर तिथलाच संघ, म्हणजे पंच सोडून सगळा गाव त्यांचा. पंचांबद्दलही मला खात्री नव्हती. भाऊ आमच्या जीपच्या पायरीवर बसलेले. पट्टी हातात तशीच गुंडाळलेली.

"बांध ना पट्टी, टाइम झाला," कोच म्हणाले.

"नाई बांधत."

"काऊन?"

"मी तयार नाई," भाऊ म्हणाले. "त्याले घ्या."

कोचने जीपकडे पाहिलं, आकाशाकडे पाहिलं, आणि दुसरं काहीच दिसेना तेव्हा माझ्याकडे पाहिलं.

पहिल्याच चढाईत मी बाद झालो. समोरचा आला, मी कंबर पाहत राहिलो, आणि त्याने निवांतपणे माझ्या खांद्याला हात लावून पोबारा केला. मी बाहेर जाऊन बसलो. सचिव मागून म्हणाले, "मी म्हटलं होतं ना, ते नाही याच्यात." माझे कान तापले होते. उठून सिंदेवाहीची गाडी धरावी असं वाटत होतं. भाऊ लंगडत माझ्या मागे आले आणि खाली वाकून म्हणाले, "कंबर पाहाय म्हटलं, तर हात पाहाचे नाई का? आता जाशीन तं दोन्ही पाहाय."

आमच्या पोरांनी गुण घेतला तसा मी परत आत गेलो. तोच चढाईवाला पुन्हा आला, हसत. मी कर्णधाराचा हात धरलेला. चढाईवाल्याचे पाय डावीकडे नाचत होते, कंबर उजवीकडे वळली. मी कर्णधाराला ओढतच उजवीकडे झेपावलो आणि त्याच्या कमरेला मिठी मारली. तो ओढत होता, मी जाळ्यासारखा धरून होतो. वरून बाकीचे येऊन पडले. नाकातोंडात माती गेली. शिट्टी वाजली तेव्हा रेष त्याच्या बोटांपासून वीतभर लांब होती.

"मी म्हटलं होतं ना!" सचिव ओरडले.

सामना आम्ही थोडक्यात हरलो. परतताना जीपमध्ये कोचने पराभवाची कारणं सांगितली. त्यात ऊन होतं, माती होती, पंच होते. मी नव्हतो. दुसऱ्या सकाळी सरावाला त्यांनी मला पहिल्या सातांत उभं केलं. रेषा आखायला त्या दिवशी कोणीच नव्हतं, म्हणून कोचनेच आखल्या. नागमोडी.

भाऊ पुढे कधी खेळले नाहीत. पण आमचा सामना असला की ते मैदानाभोवतीच्या दोरीला टेकून उभे राहायचे, आणि माझ्या हातून चढाईवाला निसटला की गर्दीतली सर्वांत मोठी शिवी त्यांचीच असायची.